काळा घोडा: एका चौकातली चित्रांची तीन घरे

मुंबईच्या फोर्ट भागात, महात्मा गांधी रस्त्यावरच्या काळा घोडा परिसरात, चित्रे पाहण्याच्या तीन निरनिराळ्या व्यवस्था एकमेकींच्या शेजारी नांदतात. जहांगीर आर्ट गॅलरी हे चित्रकारांना भाड्याने मिळणारे सार्वजनिक दालन आहे. रस्त्याच्या पलीकडे, रीगल सिनेमाच्या बाजूला, नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट ही केंद्र सरकारची संस्था आहे. भोवतालच्या गल्ल्यांतल्या आणि कुलाब्यातल्या जुन्या इमारतींमध्ये खासगी गॅलऱ्या आहेत. तिन्हीकडे भिंतीवर चित्रेच असतात; पण ती तिथे कोणी आणली, कोणाच्या खर्चाने आणली, किती दिवस राहणार आहेत आणि विकायची आहेत की नाहीत, या प्रश्नांची उत्तरे तिन्ही ठिकाणी वेगळी मिळतात. ही उत्तरे ठाऊक असली की दालनात शिरताना वाटणारा संकोच बराचसा गळून पडतो. ‘आपल्याला यातले काही कळत नाही’ असे म्हणून जहांगीरच्या दारावरून पुढे जाणारी माणसे मुंबईत पुष्कळ आहेत. त्यांना चित्रकलेचे ज्ञान कमी पडते असे नाही. त्यांना त्या जागेची रीत कोणी सांगितलेली नसते.

परिसराचे नाव एका पुतळ्यावरून पडले. सातवा एडवर्ड हा प्रिन्स ऑफ वेल्स असताना मुंबईला आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा १८७९ मध्ये शहराला दिला. लोकांनी राजपुत्राकडे लक्ष न देता घोड्यालाच नावात जागा दिली. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवला गेला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला, नाव मात्र राहिले. २०१७ मध्ये त्याच परिसरात नवा काळा घोडा उभा राहिला, या वेळी स्वाराशिवाय. १९९९ पासून दरवर्षी भरणारा काळा घोडा कला महोत्सव याच रस्त्यांवर होतो. महोत्सवातली गर्दी पाहून या भागाची ओळख करून घेणाऱ्यांनी एरवीच्या एखाद्या साध्या बुधवारी दुपारी इथे यावे. चित्रे नीट पाहायला ती वेळ कितीतरी बरी.

जहांगीरच्या आधी मुंबईत प्रदर्शने होत नव्हती असे नाही. सर जे. जे. कलाशाळा १८५७ पासून होती, आणि १८८८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी दरवर्षी प्रदर्शन भरवून पदके देत असे. म. वि. धुरंधर यांना १८९५ मध्ये सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. १९३७ मध्ये अमृता शेरगिल यांच्या तीन मुलींच्या चित्राला ते मिळाले. पण वर्षातून एकदा भरणाऱ्या या प्रदर्शनात परीक्षक जे निवडतील तेच लोकांपुढे येई. स्वतःच्या हिमतीवर, स्वतःच्या निवडीने चित्रे लावायची तर शहरात धड जागा नव्हती. १९४७ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सोझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, के. एच. आरा, हरी अंबादास गाडे आणि सदानंद बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सोझा मूळचे गोव्यातल्या साळगावचे. हुसेन यांनी सिनेमाचे फलक रंगवले होते. आरांनी घरगडी म्हणून काम केले होते. या तरुणांचे पहिले सामूहिक प्रदर्शन १९४९ मध्ये काळा घोड्यालगतच्या रॅम्पार्ट रोवर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या जागेत भरले. त्यांना आधार देणाऱ्यांत युरोपातून आलेले काही निर्वासितही होते: चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडी फॉन लेडन, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. केकू गांधी हे तर फ्रेमचे व्यापारी. त्यांच्या ‘केमोल्ड’ या दुकानाच्या काचेत या चित्रकारांची चित्रे लागत. गॅलरी नसलेल्या शहरात फ्रेमवाल्याचे दुकान हीच गॅलरी झाली होती.

अशा वेळी सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, जहांगीरच्या, स्मरणार्थ कलादालन बांधून दिले. त्यासाठी त्यांच्या मागे लागणाऱ्यांत दोन नावे ठळक होती: चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा. भाभा स्वतः उत्तम रेखाटने करीत. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी त्यांनी भारतीय चित्रांचा मोठा संग्रह उभा केला. वास्तुविशारद दुर्गा बाजपेयी यांनी आखलेली जहांगीरची इमारत १९५२ मध्ये खुली झाली. उद्घाटन मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर यांनी केले. शेजारच्या वस्तुसंग्रहालयाचे घुमट आणि कोरीव दगड पाहून नजर जहांगीरकडे वळली की काँक्रीटचे पुढे आलेले छत आणि साध्या भिंती एकदम वेगळ्या काळातल्या वाटतात. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईने नव्या कलेसाठी नवी वास्तू बांधली, जुन्या घुमटांची नक्कल केली नाही, हे आवर्जून लक्षात घेण्यासारखे आहे.

जहांगीरची रीत अशी. चित्रकार आपल्या कामाचे नमुने धाडून अर्ज करतो. निवड समिती ते पाहते. मंजुरी मिळाली तरी नंबर लागायला वर्षे जातात, कारण अर्ज करणारे देशभरातले असतात. तारीख मिळाली की दालन साधारण आठवडाभरासाठी त्याचे. भाडे तो भरतो, चित्रे गावाहून आणण्याचा, फ्रेमचा, निमंत्रणपत्रिकेचा आणि माहितीपुस्तिकेचा खर्चही त्याचाच. आठवडा मंगळवारी सुरू होतो आणि सोमवारी संपतो. सोमवारी संध्याकाळी चित्रे उतरवून कागदात, फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये बांधली जातात, आणि लगेच पुढच्या चित्रकाराची खोकी उघडू लागतात. चित्रकार बऱ्याचदा घरच्यांना आणि मित्रांना घेऊन आलेला असतो. सगळी चित्रे आधी भिंतीच्या पायथ्याशी टेकवून ठेवली जातात, मग अदलाबदल सुरू होते: हे मोठे दारासमोर, ही दोन लहान कोपऱ्यात, लालभडक चित्राशेजारी फिकट नको. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या जवळपास येईल अशा बेताने बहुतेक चित्रे टांगतात. दोन चित्रांत श्वास घ्यायला जागा सोडणे हे सगळ्यात अवघड काम असते. इतक्या वर्षांनी नंबर लागलेला असतो आणि एकही चित्र परत न्यावेसे वाटत नाही. मग भिंती गच्च भरतात आणि चांगली चित्रेही एकमेकांना मारतात. जाणकार चित्रकार घरून आणलेल्यांपैकी चार-पाच चित्रे खोक्यातच ठेवतो. त्याचा संयम भिंतीवर दिसतो.

या व्यवस्थेचा प्रेक्षकाला होणारा लाभ मोठा आहे आणि तो फारसा कोणी घेत नाही. दालन चित्रकाराने घेतलेले असते, म्हणून आठवडाभर तो स्वतः तिथे बसलेला असतो. जगातल्या बहुतेक मोठ्या संग्रहालयांत चित्र असते आणि ते काढणारा नसतो. इथे सांगलीहून किंवा साताऱ्याहून आलेला चित्रकार सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत खुर्चीवर बसून असतो आणि कोणी दोन शब्द विचारले तर त्याला बरेच वाटते. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. ‘याचा अर्थ काय?’ या प्रश्नाला बहुतेक चित्रकारांकडे नेमके उत्तर नसते, आणि असायला हवे असेही नाही. ‘हे कसे केले?’ हा प्रश्न मात्र लगेच बोलके करतो. कोणता रंग आधी लावला, इथे खरवडले का, हा पृष्ठभाग वाळूसारखा कशाने झाला, हे चित्र किती दिवस चालले, असे विचारले की चित्रकार खुर्चीवरून उठतो आणि बोट दाखवून सांगू लागतो. त्या पाच मिनिटांत जे कळते ते पुस्तकातून कळायला फार वेळ लागतो.

दालनाबाहेरचा पदपथ हाही या व्यवस्थेचाच भाग मानला पाहिजे. ज्यांचा आत नंबर लागलेला नाही किंवा ज्यांना भाडे परवडत नाही असे चित्रकार तिथे कठड्याला चित्रे लावून बसतात. काही जण समोर बसलेल्या माणसाचे व्यक्तिचित्र थोड्या वेळात पेन्सिलने काढून देतात. नवोदितांसाठी जहांगीरने आतही एक वाट ठेवली आहे. कलाशाळांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या कामांचा ‘मान्सून शो’ पावसाळ्यात भरतो. तिथली सगळीच कामे पक्की नसतात. पण पुढे काय येणार आहे याची चाहूल लागते, आणि किमतीही नवख्या खरेदीदाराच्या आवाक्यातल्या असतात.

जहांगीरच्या भिंतींनी तंटेही पाहिले आहेत. १९५४ मध्ये अकबर पदमसी यांच्या प्रदर्शनातली प्रेमी युगुलाची चित्रे पोलिसांनी अश्लील ठरवली आणि उतरवायला सांगितली. पदमसींनी नकार दिला, त्यांच्यावर खटला झाला आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. पुढे एकदा हुसेन यांनी ‘श्वेतांबरी’ नावाच्या प्रदर्शनात चित्रेच लावली नाहीत. दालनात पांढरे कापड लहरत सोडले आणि जमिनीवर फाटकी वर्तमानपत्रे पसरली. पैसे न मोजता रस्त्यावरून आत येता येणाऱ्या जागेत हे घडले, म्हणून त्यावर शहरभर बोलले गेले. याच इमारतीच्या आवारात १९६४ पासून उषा खन्ना यांचे ‘समोवार’ नावाचे कॅफे होते. लांबट, अरुंद व्हरांड्यात चित्रकार, कवी, पत्रकार आणि नोकरी शोधणारे तरुण एका चहावर तासन्‌तास बसत. २०१५ मध्ये ते बंद झाले. चित्रे पाहून झाल्यावर त्यांच्याबद्दल बोलायला बसण्याची जागा गॅलरीला लागतेच, आणि ‘समोवार’ गेल्याने झालेली हानी साधी नाही.

खासगी गॅलरीची गोष्ट निराळी. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. २००७ मध्ये ती फोर्टमधल्याच प्रेस्कॉट रोडवर गेली. फ्लोरा फाउंटनजवळ सुरू झालेली पंडोल आर्ट गॅलरीही १९६३ चीच. इथे चित्रकाराकडून भाडे घेत नाहीत. गॅलरी त्याची निवड करते, प्रदर्शनाचा खर्च उचलते, संग्राहकांना बोलावते आणि विकल्या गेलेल्या चित्राच्या किमतीतला तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतचा वाटा घेते. निवड गॅलरीच्या नजरेची असल्यामुळे तिथे धोकाही पत्करला जातो. जिव्या सोमा मशे यांचे उदाहरण महाराष्ट्राने लक्षात ठेवावे असे आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढली जाणारी लग्नाची चित्रे परंपरेने बायका काढत. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे कागद आणि रंग नेले. मशे यांच्या हाताचे कसब लक्षात आले आणि १९७५ मध्ये केमोल्डने त्यांची चित्रे मुंबईत लावली. कुडाच्या भिंतीवर सण झाला की पुसट होत जाणारी रेषा त्या दिवशी शहरातल्या पांढऱ्या भिंतीवर आली. त्यातून वारली समाजाला काय मिळाले आणि बाजाराने काय उचलून नेले, हा वाद अजून मिटलेला नाही. पण मशे हे एका माणसाचे नाव म्हणून ओळखले गेले, ‘आदिवासी कला’ या ढोबळ लेबलाखाली हरवले नाहीत, हे त्या प्रदर्शनापासून सुरू झाले.

खासगी गॅलरीत शिरताना लोक जास्त बिचकतात. दार बंद असते, घंटी वाजवावी लागते, आत एखादीच व्यक्ती संगणकावर काम करीत असते. तिथेही पाहण्याला पैसे नसतात आणि विकत घ्यायची जबरदस्ती नसते. बहुतेक गॅलऱ्या प्रदर्शन महिनाभर किंवा जास्त ठेवतात, त्यामुळे दुसऱ्यांदा जाता येते. टेबलावर चित्रांची यादी असते. ती हातात घेऊन फिरावे.

तिसरे घर नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टचे. जहांगीर घराण्याच्याच देणगीतून १९११ मध्ये बांधलेले सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह एके काळी मैफली, राजकीय सभा, परीक्षा आणि समारंभ यांनी गजबजलेले असे. नवी सभागृहे आली आणि ते ओस पडले. मग आतली रचना बदलून १९९६ मध्ये तिथे आधुनिक कलेचे राष्ट्रीय दालन उघडले. बाहेरून दगडी जुनी इमारत, आत अर्धवर्तुळाकार मजले एकावर एक चढत जाणारे आणि सगळ्यांत वर घुमट. दालन चढत पाहायचे असते. एखाद्या चित्रकाराचे सिंहावलोकन असेल तर ही रचना फार उपयोगी पडते. उमेदवारीच्या काळातली कामे खाली पाहून उत्तरकाळातल्या कामांकडे वर जाता येते. २०१८ मध्ये इथे भरलेल्या धुरंधरांच्या मोठ्या प्रदर्शनात पौराणिक प्रसंग, पोस्टकार्डे, पुस्तकांसाठी काढलेली चित्रे आणि मुंबईच्या स्त्रियांची रेखाटने एकत्र पाहायला मिळाली. दिनदर्शिकेवरच्या देवादिकांपुरते धुरंधर ओळखणाऱ्यांना त्यांच्या रेखाटनातला वेग तिथे दिसला. इथली चित्रे विक्रीला नसतात, चित्रकार भेटत नाही. पण मांडणीमागे अभ्यास असतो, आणि भिंतीवरचा मजकूर वाचण्यासारखा असतो. प्रवेशाला थोडे शुल्क असते आणि सोमवारी सुटी असते.

या दालनात काही खोल्या अंधाऱ्या वाटतात, आणि अनेक प्रेक्षक त्याबद्दल कुरकुर करतात. त्यामागे कारण आहे. कागदावरचे जलरंग, शाई आणि जुनी छायाचित्रे प्रकाशाने फिकी पडतात, आणि गेलेला रंग परत येत नाही. म्हणून अशा कामांवर सुमारे ५० लक्स इतकाच उजेड ठेवण्याची पद्धत आहे. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतो. तुलनेसाठी, भर उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना तीन-चार मिनिटे द्यावीत, चित्र आपोआप उजळते. मुंबईत उजेडाइतकाच दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, कॅनव्हास सैल पडतो, लाकडी फ्रेम फुगते. वातानुकूलन चित्रांसाठी असते. प्रेक्षकाला गार वाटते तो वरचा लाभ. चित्राला बोट लावू नये याचेही कारण साधे आहे: त्वचेवरचा घाम आणि तेल पृष्ठभागावर राहते, लगेच दिसत नाही आणि काही वर्षांनी डाग होऊन वर येते.

चित्राशेजारची चिठ्ठी लहान असते, पण तिच्यात बरेच असते. शीर्षक, वर्ष, माध्यम आणि माप, या क्रमाने ती वाचायची. मापात बहुधा उंची आधी आणि रुंदी नंतर. माध्यमाचा शब्द सोडून देऊ नये, कारण काय पाहायचे ते तोच सांगतो. जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत; कागदच पांढरा ठेवतात. सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचे हातात समई घेतलेल्या बाईचे चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. लोक ते पुष्कळदा रविवर्म्याचे तैलचित्र समजतात. ते जलरंगातले आहे. ज्योतीवर आडवा धरलेला तळहात, बोटांच्या फटींतून येणारी तांबूस झाक आणि चेहऱ्यावर पडलेला उजेड, हे सगळे पातळ रंगाच्या थरांखालून कागद जितका दिसू दिला तितकेच उजळते. चूक झाली तर तैलरंगासारखा वरून दुसरा रंग चढवता येत नाही. हे ठाऊक असलेला माणूस त्या हाताजवळ थबकतो.

छापचित्रांच्या खाली पेन्सिलीने ३/२५ असे काहीतरी लिहिलेले असते. त्याचा अर्थ, एकाच पत्र्यावरून किंवा ठोकळ्यावरून काढलेल्या २५ प्रतींपैकी ही तिसरी. ती छापील नक्कल नव्हे. प्रत्येक प्रतीसाठी पत्र्यावर शाई चोळून, पुसून, दाबयंत्रातून कागद काढलेला असतो. आम्लाने कोरलेल्या पत्र्याचे छापचित्र असेल तर डोके जरा तिरके करून कडेला पाहावे. चित्राभोवती कागदात चौकोनी खोलगट कड उमटलेली दिसते. तो पत्र्याच्या दाबाचा ठसा. तैलचित्र बाजूने पाहिले की रंगाचे उंचवटे उजेडात सावल्या टाकताना दिसतात, ब्रश कुठून कुठे फिरला ते कळते. मोबाइलच्या पडद्यावर यातले काहीच येत नाही, आणि गॅलरीपर्यंत जाण्याचे मुख्य कारण हेच आहे.

अमूर्त चित्रापाशी लोक सर्वांत लवकर पुढे सरकतात. तिथे वासुदेव गायतोंडे यांचे काम कसे घडत असे हे उपयोगी पडते. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले, गोमंतकीय घरातले आणि जे. जे. मध्ये शिकलेले गायतोंडे ब्रशपेक्षा रूळ आणि सुरी जास्त वापरत. रंगाचा पातळ थर लावायचा, वाळू द्यायचा, त्यावर दुसरा, मग काही ठिकाणी काढून घ्यायचा. वर्षभरात मोजकीच चित्रे पुरी होत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकन भरवले. अशा चित्रासमोर आकार शोधू लागले की निराशाच पदरी येते. जवळ जाऊन थर पाहावेत, मग पाच-सहा पावले मागे यावे. जवळून तपकिरी वाटलेला पट्टा लांबून आतून उजळलेला वाटतो. अवकाश कुठे मोकळा आहे, नजर कुठे अडकते, रंगाचे वजन खाली आहे की वर, एवढे पाहिले तरी चित्र बोलू लागते. ते आवडलेच पाहिजे असे बंधन नाही. पाहून नावडणे आणि न पाहता पुढे जाणे यांत फरक आहे.

एका भेटीत किती पाहावे, याचे उत्तर बहुतेकांना वाटते त्यापेक्षा कमी आहे. आधी सगळे दालन न थांबता एकदा फिरून यावे, चिठ्ठ्याही वाचू नयेत. दुसऱ्या फेरीत ज्यांनी ओढून घेतले अशा तीन-चार चित्रांसमोर मात्र निवांत उभे राहावे. काच लावलेल्या चित्रात स्वतःचाच चेहरा दिसत असेल तर बाजूला सरकावे. सोबत लहान मूल असेल तर त्याला चित्राचा अर्थ सांगण्याऐवजी त्यात काय काय दिसते ते मोजायला लावावे. मुले मोठ्यांना न दिसलेले कुत्रे आणि खिडक्या शोधून काढतात. उद्घाटनाच्या संध्याकाळी माणसे भेटतात, चित्रे दिसत नाहीत. फोटो काढायचा तर विचारून आणि फ्लॅशशिवाय. दाराशी ठेवलेल्या अभिप्राय वहीत ‘खूप छान’ लिहिण्यापेक्षा कोणते चित्र का लक्षात राहिले ते एका ओळीत लिहावे. प्रदर्शन संपल्यावर चित्रकार ती वही घरी नेतो आणि वाचतो.

चिठ्ठीवर लाल टिकली दिसली तर चित्र विकले गेले आहे. किंमत विचारण्यात गैर काही नाही. यादीत ती लिहिलेलीच असते. विकत घ्यायचे ठरल्यास चित्रकाराच्या सहीची पावती घ्यावी आणि तिच्यावर शीर्षक, वर्ष, माध्यम आणि माप नोंदवून घ्यावे. चित्र सहसा प्रदर्शन संपल्यावर हाती येते. घरी ते उन्हाच्या आणि बाहेरच्या ओलसर भिंतीवर लावू नये. मोठे चित्र झेपत नसेल तर छापचित्र किंवा रेखाटन पाहावे. चित्रकाराचा हात तिथे तितकाच असतो आणि किंमत बरीच कमी.

भाड्याच्या दालनांची हीच पद्धत महाराष्ट्रातल्या इतर शहरांतही आहे. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन आणि कोल्हापुरात राजर्षी शाहू स्मारक भवनाचे कलादालन हे तिथल्या चित्रकारांचे नेहमीचे ठिकाण. तिथे प्रदर्शने बऱ्याचदा तीन-चार दिवसांचीच असतात, म्हणून स्थानिक वर्तमानपत्रातली ‘आजचे कार्यक्रम’ ही चौकट पाहत राहावी लागते. कायमचा संग्रह पाहायचा असेल तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला जावे. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांसोबत इंग्लंडच्या हेन्री मूर यांचे माता आणि मूल हे शिल्पही आहे. संग्रहालय गावाबाहेर टेकडीवर, यमाई देवीच्या वाटेवर आहे.